डान्स मॅट घेताय? आधी गेम ठरवा

‘मॅट आणलीय, आता तिच्यावर कुठला गेम चालेल?’ हा प्रश्न आम्हा मॅट विकणाऱ्यांकडे सारखा येतो. खरं तर तो उलटा यायला हवा: ‘अमुक गेम खेळायचाय, त्याला कुठली मॅट लागेल?’ या उलटसुलटीपायी मुलांची सुट्टी वाया जाते, मॅट परत खोक्यात जाते आणि खोकं आमच्या टेबलावर येतं. उघडून पाहावं तर मॅट बहुतेक वेळा धडधाकट असते. म्हणून हे पत्रक.

बहुतेक मॅटमध्ये गेम नसतो. अशी मॅट म्हणजे पायाने दाबायची बटणं, बाकी काही नाही. गाणं, ताल, गुण यातलं तिला काही कळत नाही. पाय पडला आणि पाय उचलला, एवढ्या दोनच गोष्टी ती सांगू शकते. ते ऐकून घेणारा गेम समोर नसेल तर ती नुसती सतरंजी.

पायाचं घराणं, हाताचं घराणं

नाचाच्या गेमची दोन घराणी आहेत. पायाच्या घराण्यातलं मोठं नाव ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’. कोनामी कंपनीने १९९८ साली जपानमध्ये ते नाणी टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावर आणलं आणि पुढच्याच वर्षी घरच्या प्लेस्टेशनवर. पडद्यावर खालून बाण वर सरकतात, वरच्या स्थिर बाणांवर येऊन बसले की त्याच दिशेच्या चौकोनावर पाय टाकायचा. डावा, खालचा, वरचा, उजवा असे चार बाण. संगणकावरचा ‘स्टेपमेनिया’ हा मोफत गेम याच पद्धतीचा.

कोरियाचा ‘पंप इट अप’ही पायाचाच, पण त्याला पाच चौकोन लागतात: चार कोपरे आणि मधला. चार बाणांच्या मॅटवर कोपऱ्यात मेनूची बटणं असतात आणि मधे तर काहीच नसतं. म्हणून एकाची मॅट दुसऱ्याला चालत नाही.

हाताच्या घराण्यातला ‘जस्ट डान्स’ २००९मध्ये निन्टेंडो वी या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर आला. पडद्यावर नाचणाऱ्याची नक्कल करायची आणि हातातला रिमोट किंवा फोन कसा हलतोय त्यावर गुण मिळतात. पायाखाली मॅट आहे की गालिचा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. मुलाने मित्राकडे जस्ट डान्स पाहिलेला असतो, घरचे मॅट मागवतात आणि मग ‘गेम मॅट ओळखतच नाही’ अशी तक्रार येते. तो कधीच ओळखणार नाही. मुलाला हाच गेम हवा असेल तर मॅट घेऊ नका. आमची एक विक्री जाईल, पण नंतरचं परत घेणं टळेल.

सेलवर चालणारी, स्वतःच्याच आवाजावर नाचवणारी मॅट हा तिसरा प्रकार. तिला टीव्ही लागत नाही, वायर लागत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला ती पुरते. गाणी मात्र तेवढीच, वाढवता येत नाहीत. सात-आठ वर्षांचं मूल त्याच त्या गाण्यांना लवकर कंटाळतं, त्याला पहिल्यापासून पायाच्या घराण्यात घातलेलं बरं.

वायरीच्या टोकाला काय आहे?

गेम ठरला की मॅट खेळायच्या यंत्रापाशी येऊन थांबते आणि निकाल पिनवर लागतो. प्लेस्टेशन एक आणि दोनची पिन एकसारखी, रुंद आणि चपटी. तीनपासून पुढच्या यंत्रांना ती खाचच नाही. वीसाठीच्या मॅट गेमक्यूबच्या (निन्टेंडोच्या वीआधीच्या यंत्राच्या) खाचेत बसतात, पण २०११नंतरच्या काही वीमधून ती खाच काढून टाकली आहे. तेव्हा ‘आमच्याकडे वी आहे’ एवढं सांगून भागत नाही, झाकण उघडून चार गोल खाचा आहेत का ते बघा. लाल-पांढरी-पिवळी पिन असलेल्या मॅटमध्ये गेम आतच असतो आणि ती थेट टीव्हीला लागते, मात्र नव्या टीव्हीला या तिन्ही खाचा असतीलच असं नाही.

संगणकासाठी यूएसबी मॅट. घरात असं जुनं कन्सोल, म्हणजे खेळयंत्र, नसेल तर आम्ही हाच रस्ता सुचवतो: साधा लॅपटॉप, स्टेपमेनिया आणि यूएसबी मॅट. गाणी हवी तेवढी वाढवता येतात आणि मॅट खराब झाली तरी गेम जागेवर राहतो.

डावा-उजवा एकदम लागत नाही

स्वस्त यूएसबी मॅटची ही खोड मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण ती खोक्यावर लिहिलेली नसते. गेममध्ये मधूनच दोन बाण एकदम येतात, तेव्हा दोन्ही पायांनी उडी मारायची असते. काही मॅट आपले बाण बटण म्हणून न कळवता जॉयस्टिकच्या दांडीसारखे कळवतात. दांडी एका वेळी डावीकडे झुकेल नाहीतर उजवीकडे, दोन्हीकडे कशी झुकेल? मुलाने डावा आणि उजवा एकदम दाबला की दोन्ही एकमेकांना खोडतात आणि गेमला काहीच कळत नाही. प्लेस्टेशनची जुनी मॅट कन्व्हर्टर (पिन बदलून देणारा जोड) लावून संगणकाला जोडली तरी पुष्कळदा हेच होतं, तेव्हा दोष मॅटचा नसून कन्व्हर्टरचा असतो.

तपासायला दोन मिनिटं लागतात. विंडोजच्या शोधपट्टीत ‘गेम कंट्रोलर्स’ असं इंग्रजीत लिहा, यादीतली मॅट निवडा आणि ‘प्रॉपर्टीज’ उघडा. एका चौकटीत अधिकचं चिन्ह दिसेल, खाली आकड्यांचे गोल दिवे. डाव्या बाणावर उभे राहा. दिवा लागला तर मॅट बटणाची. दिवा न लागता अधिकचं चिन्ह डावीकडे सरकलं तर मॅट दांडीची. आता उजवा पायही ठेवा, चिन्ह मधे परत येऊन स्वस्थ बसेल. ही मॅट सावकाश गाण्यांना चालते, उड्या आल्या की रडवते. आम्ही बटणाच्याच मॅट ठेवतो. किमतीतला फरक बराचसा इथून येतो.

‘मॅट उशिरा चालते’

मॅट उशिरा चालत नाही, टीव्ही उशिरा दाखवतो. आजचे टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी ते क्षणभर अडवून धरतात आणि ब्लूटूथ स्पीकर आवाज त्याहून जास्त अडवतो. तो क्षण किती महाग पडतो ते पाहा. स्टेपमेनियात मूळ सेटिंगवर सर्वोत्तम शेरा मिळवायला पाऊल तालाच्या मागेपुढे २२.५ मिलिसेकंदांत पडावं लागतं, त्याखालच्या शेऱ्याला ४५, त्याखालच्याला ९०. ब्लूटूथ स्पीकरने आवाज शंभर मिलिसेकंद जरी उशिरा दिला तरी कानाने अचूक तालावर नाचणारं मूल तिन्ही शेऱ्यांबाहेर गेलं. बिचाऱ्याला वाटतं, आपल्यालाच नाचता येत नाही.

उपाय क्रमाने करा. ब्लूटूथ काढून वायरचा स्पीकर लावा. टीव्हीच्या चित्र-सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करा. तरी फरक उरला तर गेममधली आवाज आणि पाऊल जुळवून घेण्याची सोय वापरा. तिथे ठोक्याबरोबर थोडा वेळ बटण दाबत राहिलं की गेम स्वतः हिशेब करतो. खात्री करून घ्यायची तर टीव्ही बाजूला ठेवून लॅपटॉपच्याच पडद्यावर आणि लॅपटॉपच्याच आवाजावर एक गाणं खेळा. फरक गेला तर मॅट निर्दोष.

तक्रार सांगताना एवढं मात्र बघून सांगा. चारही बाण सारखेच उशिरा लागत असतील तर दोष टीव्हीचा किंवा स्पीकरचा. उडीच तेवढी लागत नसेल तर दांडीचा. एकच बाण रुसला असेल, किंवा पाय नसताना दाबला जात असेल, तरच मॅटचा. मग आमच्याकडे आणा, आम्ही लगेच बघू.

मॅटच्या पोटात काय असतं

मऊ मॅटमध्ये वरचा छापील प्लास्टिकचा थर, त्याखाली वीज वाहणारा लेप लावलेला पत्रा, मग भोकं असलेला स्पंज आणि खाली पुन्हा तसाच लेपाचा पत्रा. पाय पडला की भोकातून दोन लेप एकमेकांना टेकतात, उचलला की स्पंज त्यांना वेगळं करतो. एवढीच यंत्रणा आहे. त्यामुळे ती कशाने बिघडते तेही उघड आहे. नवी घडी पडली की लेपाला चीर जाते आणि बाण मुका होतो. बुटाच्या टाचेने स्पंज कायमचा दबतो आणि बाण आपोआप दाबलेला राहतो. ओल आत गेली तर बाण भुतासारखे वाजतात.

कारखान्यातून मॅट घडी घालूनच येते. घडीचे उंचवटे बसले नसतील तर पहिल्या दिवशी नको तिथे बाण लागतात आणि लोक तिला सदोष ठरवून मोकळे होतात. म्हणून आम्ही प्रत्येक मॅट उघडून रात्रभर पसरून ठेवतो, चारही बाण आणि दोन-दोन बाणांच्या सहाही उड्या तपासतो आणि वळकटी करून देतो. आमचं खोकं लांबडं आणि न्यायला अवघड असतं ते त्यामुळे. घरीही वळकटीच करा, छापील बाजू बाहेर ठेवून, आणि वायर मॅटभोवती आवळू नका. पुसायला घट्ट पिळलेलं ओलं फडकं पुरतं. उन्हात वाळवू नका.

खेळायचं अनवाणी. मोज्यांनी मूल घसरतं, बुटांनी मॅट जाते. गुळगुळीत फरशीवर मॅट पायाखालून सरकते, तेव्हा खणात अंथरतात ती रबरी जाळी खाली घाला. जाड गालिच्यावर मॅट चुरगळते, तिथे खाली प्लायवूडची सपाट फळी हवी. खालच्या मजल्यावर कोणी राहत असेल तर फळीखाली फोमचे तुकडेही टाका. मॅटची बाजू साधारण ९० सेंटिमीटर असते, पण मोकळी जागा चहूबाजूंनी हातभर जास्त ठेवा, नाहीतर पहिल्याच उडीत टेबलाचा कोपरा गुडघ्याला लागेल.

नेम धरून उड्या मारणारं दणकट मूल असेल, किंवा दोघं आलटून पालटून खेळणार असतील, तर आत जाड फोमचे तुकडे असलेली मॅट घ्या. पाऊल कुठे पडलं ते तिच्यावर पायाला कळतं, त्यामुळे खाली बघावं लागत नाही. धातूच्या मॅटचा हट्ट मात्र मूल वर्षभर मन लावून खेळलं तरच पुरवा.

पहिल्या आठवड्यात

सर्वांत सोप्या पातळीवर, मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपासचं गाणं लावा. म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक ठोका. प्रत्येक बाणानंतर मुलं पाय मधे परत आणतात आणि तिथेच दमतात. मधला चौकोन रिकामा आहे, तिथे परत यायची गरज नाही. पाय बाणावरच राहू द्या, पुढचा बाण दुसऱ्या पायाने. शेपटीवाला लांब बाण आला तर शेपटी संपेपर्यंत पाय दाबून ठेवायचा.

बाणांची गर्दी दिसून मूल गोंधळत असेल तर बाणांचा वेग कमी करू नका, दुप्पट करा. ऐकायला उफराटं वाटतं, पण वेग वाढला की बाण एकमेकांपासून लांब पसरतात आणि सुटे वाचता येतात. गाण्याचा ताल तोच राहतो.

परत घेण्याबद्दल

बुटाचे ठसे किंवा नवी आडवी घडी असलेली मॅट आम्ही परत घेत नाही. कडक वाटेल, पण अशी मॅट दुसऱ्याच्या मुलाला देणं आम्हाला जमणार नाही. बाकी कुठल्याही कारणाने बाण बंद पडला तर मॅट बदलून मिळेल.

फोन करण्याआधी तीन गोष्टी जवळ ठेवा: गेमचं नाव, यंत्राचं नाव आणि मॅट जिथे लावायची त्या खाचेचा मोबाइलवर काढलेला फोटो. फोटो यंत्राच्या मागच्या बाजूचाही काढा, हवी ती खाच नेहमी मागेच सापडते.