दिवाळखोरीआधीचे बक्षीसपत्र आणि ते रद्द करण्याचा अधिकार : पार्श्वभूमी

जालना, परभणी किंवा लातूरकडे एखादी जिनिंग मिल कर्जात बुडाली की लोक पहिली चौकशी जमिनीची करतात, कारण बँकेला वैयक्तिक हमी देणाऱ्या संचालकाने शेत पत्नीच्या वा मुलाच्या नावे आधीच करून दिलेले असण्याची शक्यता असते. बक्षीसपत्राची नोंदणी झाली, फेरफार मंजूर झाला आणि सातबारावर नाव बदलले की जमीन सुटली, हा समज मात्र चुकीचा आहे.

धनकोंना, म्हणजे कर्ज देणाऱ्यांना, बुडवण्यासाठी केलेले व्यवहार उलटवण्याची सोय रोमन कायद्यातही होती. इंग्लंडमध्ये 1571 साली असे व्यवहार निरर्थक ठरवणारा कायदा झाला. त्याखाली गाजलेल्या खटल्यात पिअर्स नावाच्या ऋणकोने, एका धनकोचा 200 पौंडांचा दावा चालू असतानाच, आपली 300 पौंडांची सर्व चीजवस्तू ट्वाइन या दुसऱ्या धनकोला गुपचूप लिहून दिली. पण ती स्वतःच्याच ताब्यात ठेवली, मेंढ्यांची लोकर कापली, त्यांवर आपलीच खूण उमटवली. लपवाछपवी आणि न सुटलेला ताबा या खुणांवरून न्यायालयाने कपट ओळखले. मुलाच्या नावे केलेले शेत बापच कसत असेल, तर आजही संशयाची सुरुवात तिथूनच होते.

आपल्याकडे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53 मध्ये हेच तत्त्व आले, परंतु त्यात हेतू सिद्ध करण्याचे ओझे धनकोवर होते, आणि माणसाच्या मनातले सिद्ध करणे किती अवघड असते हे वेगळे सांगायला नको. मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांसाठी 1909 चा आणि इतरत्र 1920 चा नादारीविषयक (कर्ज फेडू न शकणाऱ्यांविषयीचा) कायदा आला, तेव्हा दिनदर्शिका महत्त्वाची ठरली: हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत आलेल्या अर्जावर माणूस नादार ठरला, तर सद्भावनेने व मोबदला देऊन न झालेले हस्तांतरण रद्द करता येऊ लागले. माझ्या मते या इतिहासातला खरा बदल हाच. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानातले हे कायदे येथे आपोआप लागू नव्हते.

2016 च्या दिवाळखोरी संहितेने हा अधिकार व्यक्तीच्या बाबतीत ट्रस्टीकडे, म्हणजे दिवाळखोराची मालमत्ता सांभाळण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीकडे, दिला. कलम 164 नुसार दिवाळखोरीच्या अर्जापूर्वीच्या दोन वर्षांतले बक्षीस किंवा कवडीमोलाने झालेली विक्री तो न्यायाधिकरणापुढे नेऊ शकतो. कलम 165 खाली इतरांना डावलून एखाद्याच धनकोला, उदाहरणार्थ पाहुण्याला, केलेली परतफेडही तपासली जाते. कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांना हा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला. सर्वसामान्य कर्जदारापर्यंत तो तेव्हा नेण्यात आला नाही. प्रामाणिकपणे, काही माहीत नसताना पूर्ण किंमत मोजून जमीन घेणाऱ्याला मात्र संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवे. दोन वर्षांहून जुने बक्षीसपत्रही निर्धास्त नसते, कारण 1882 च्या कायद्यातले कलम 53 अजून कायम आहे.