दुहेरी लेखन (डेटाबेस)

दुहेरी लेखन : एकच माहिती दोन डेटाबेसमध्ये ठेवून प्रत्येक बदल दोन्हीकडे नोंदवण्याचे काम अ‍ॅप्लिकेशनच्या कोडवर सोपवण्याची पद्धत. दोन्ही डेटाबेस एकाच बनावटीचे असले, तर त्यांचे स्वतःचे रेप्लिकेशन (दुसरी प्रत आपोआप जुळती ठेवण्याची सोय) बहुधा पुरते. जुन्या डेटाबेसवरून नव्यावर जाताना किंवा शोधासाठी वेगळी प्रत ठेवताना ही पद्धत वापरात येते.

पुण्यातील एखाद्या पतसंस्थेच्या अ‍ॅपने भरणा पहिल्या डेटाबेसमध्ये कमिट (कायमचा नोंद) केला आणि दुसरीकडे लिहिण्याआधी सर्व्हर बंद पडला, तर दोन्हींतील शिल्लक जुळत नाही. दुसऱ्याकडून उत्तर आले नाही म्हणून पहिली नोंद मागे घेणेही सुरक्षित नाही. लेखन झाले असून केवळ पोच हरवलेली असू शकते. क्रमाचा दोष याहून घातक. एका खातेदाराचा मोबाइल क्रमांक दोन ठिकाणांहून जवळजवळ एकाच वेळी बदलला आणि ते बदल दोन डेटाबेसना उलटसुलट क्रमाने मिळाले, तर चारही लेखने यशस्वी होतात, एररही येत नाही, पण प्रती कायमच्या वेगळ्या राहतात.

यावरील अभिजात उपाय म्हणजे द्विचरण कमिट : आधी सर्वांकडून ‘तयार’ असा होकार, मग कमिटचा आदेश. या रीतीचा उगम वादग्रस्त आहे. डेटाबेस संशोधक जिम ग्रे यांचे १९७८ साली प्रसिद्ध झालेले टिपण सर्वाधिक उद्धृत होते. बटलर लॅम्पसन आणि हॉवर्ड स्टर्जिस यांच्या झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ संशोधन केंद्रातील हस्तलिखितात ही रीत १९७६ च्या सुमारास आलेली दिसते. मात्र ते बराच काळ खाजगीरीत्याच फिरत होते. इटलीच्या सामाजिक सुरक्षा खात्यासाठी प्रणाली उभारताना निको गार्झाडो यांनी ती आधीच योजली होती, असे श्रेय ग्रे यांच्याच पुढील लेखनात दिलेले आढळते. वापर १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धातला आणि मांडणी उत्तरार्धातली मानणे अधिक सयुक्तिक वाटते. या रीतीसाठीचे, एक्स/ओपन या संगणक कंपन्यांच्या संघाचे ‘एक्सए’ प्रमाणक १९९१ चे. होकार गोळा करून आदेश देणारा समन्वयक ऐन वेळी बंद पडला, तर ‘तयार’ म्हणालेले डेटाबेस कुलपे (इतरांना त्या नोंदी बदलू न देणारे अडसर) धरून अडकून राहतात, हा या रीतीचा मूळ दोष.

हेक्टर गार्सिया-मोलिना व केनेथ सेलम यांच्या ‘सागा’ (१९८७) संकल्पनेत काम पायऱ्यांत विभागून प्रत्येक पायरीला तिचा परिणाम पुसणारी भरपाईची उलट पायरी असते. मूळ निबंधाचा मुख्य रोख दीर्घकाळ चालणाऱ्या ट्रान्झॅक्शनवर (पूर्ण होणाऱ्या किंवा मुळीच न होणाऱ्या बदलांच्या गटावर) होता. दुहेरी लेखनावरील उपाय म्हणून तिचा दाखला देताना हे ध्यानात ठेवावे.

आउटबॉक्स पद्धत अधिक भरवशाची आहे. मूळ बदल आणि ‘हे पुढे पाठवायचे आहे’ ही नोंद एकाच डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहितात; वेगळी प्रक्रिया ती नोंद क्रमाने दुसरीकडे पोचवते. एकच नोंद दोनदा पोचू शकते, म्हणून तिला क्रमांक देऊन पुनरावृत्ती निष्प्रभ करावी लागते. डेटाबेसचा लॉग (बदलांची क्रमवार नोंदवही) थेट वाचणे हा तिचाच भाऊबंद. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये त्याची सोय ९.४ आवृत्तीपासून (२०१४) आहे.

दोन प्रती दूरच्या शहरांत असल्या, तर अंतरही मोजावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या ‘मध्य भारत’ क्लाउड विभागाचे ठिकाण पुणे (२०१५) असून त्याचा जोडविभाग चेन्नईत आहे. हवाई अंतर सुमारे ९०० किमी. प्रकाशतंतूतून जाऊन येण्यास किमान ९ मिलिसेकंद लागतात, प्रत्यक्षात अधिकच. प्रत्येक लेखन दुसऱ्या शहराच्या होकारासाठी थांबवले, तर हा वेळ ग्राहकाच्या वाट पाहण्यात वाढतो.

प्रतींचा ताळमेळ तपासताना ओळींचे गट पाडून त्यांचे चेकसम (आशयावरून काढलेले छोटे पडताळा-आकडे) ताडतात. फरक आढळलेला गटच उघडतात. लेखन चालू असताना खोटे फरक दिसतात, म्हणून तो गट काही वेळाने पुन्हा तपासून मगच दुरुस्ती करतात.