यादीत नसलेली तुळई

कुठल्याही बिल्डिंग मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये बीम, म्हणजे तुळई, टाकायला घेतला की आधी सेक्शनची, म्हणजे छेदाच्या आकारांची, एक यादी उघडते. आय सेक्शन, चॅनेल, अँगल, पाइप, काँक्रीटचे ठरावीक आयत. रोजचं बरंचसं काम या यादीवर निभतं. अडतं ते त्यापलीकडे: टोकाकडे निमुळता होत जाणारा प्लेट गर्डर (प्लेट जोडून केलेला मोठा बीम), दोन चॅनेल पाठीला पाठ लावून केलेला कॉलम, वेगवेगळ्या कोनांतून येणाऱ्या तीन ब्रेसिंगना (तिरक्या आधारांना) एकत्र धरणारी गसेट प्लेट. या वस्तू घडवाव्या लागतात. रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी फॅमिली बनवतात, टेक्लामध्ये कस्टम कंपोनंट, आर्किकॅडमध्ये जीडीएल ऑब्जेक्ट. तिन्हींची पद्धत एकमेकींपासून इतकी दूर आहे, की एकीत मुरलेला माणूस दुसरीत नवशिक्यासारखा चाचपडतो. याचं कारण आजच्या मेन्यूंमध्ये सापडत नाही. घटक कसा असावा हे कोणी ठरवायचं, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने की इमारत उभारणाऱ्याने, या जुन्या प्रश्नाला तिघांनी तीन वेगवेगळ्या काळांत उत्तरं दिली आणि ती उत्तरं त्यांच्या अंगात भिनली.

यादी मात्र संगणकाच्या कितीतरी आधीची. लोखंडाचा सेक्शन रोलिंग मिलमध्ये तयार होतो आणि प्रत्येक आकारासाठी रोल वेगळे कापावे लागतात. नवा आकार म्हणजे नवे रोल, नवा खर्च. म्हणून एकोणिसाव्या शतकात मिल्सनी आपापले कॅटलॉग छापले आणि डिझाइन करणाऱ्यांनी त्यांतून निवड करायची असा शिरस्ता पडला. अमेरिकेत स्टील कन्स्ट्रक्शन इन्स्टिट्यूट १९२१ मध्ये स्थापन झाली आणि १९२७ मध्ये तिने आपलं पहिलं मॅन्युअल काढलं. प्रत्येक सेक्शनची उंची, जाडी, वजन, क्षेत्रफळ, मोमेंट ऑफ इनर्शिया (आकार वाकण्याला किती विरोध करतो ते सांगणारा आकडा) असे तक्ते इंजिनिअरच्या टेबलावर कायमचे येऊन बसले. पुढे सॉफ्टवेअर आलं तेव्हा हेच तक्ते त्यात उतरवले गेले. त्यामुळे 'सेक्शन म्हणजे यादीतली एक ओळ' ही समजूत पहिल्यापासूनच पक्की होती, आणि यादीबाहेरची वस्तू ही अपवाद ठरली.

घडवण्याची कल्पना दुसऱ्या बाजूने आली. १९६३ मध्ये इव्हान सदरलँड यांनी एमआयटीमध्ये पीएचडीसाठी स्केचपॅड हा प्रोग्रॅम लिहिला. लिंकन लॅबोरेटरीतल्या टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर लाइट पेनने रेघा काढायच्या आणि या दोन रेघा समांतर ठेव, ही लांबी तेवढीच ठेव अशा अटी घालायच्या. एक मूळ चित्र काढून त्याच्या हव्या तितक्या प्रती वापरता येत. मूळ बदललं की सगळ्या प्रती बदलत. आज फॅमिली आणि तिचे इन्स्टन्स म्हणून जे शिकवतात त्याचं बीज हेच. स्ट्रक्चरवाल्यांनी ध्यानात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे त्या प्रबंधात ट्रस पुलांचीही, म्हणजे दांड्यांच्या त्रिकोणी सांगाड्याच्या पुलांचीही, चित्रं आहेत. प्रोग्रॅमच्या अटी सोडवण्याच्या यंत्रणेकडूनच सदस्यांमधली, म्हणजे त्या दांड्यांमधली, बलं काढून घेतली होती आणि आकडे चित्रावर दाखवले होते. मधला भार नेमका उभा नाही, अशी प्रांजळ नोंदही चित्राखाली आहे. आकार आणि त्याचं बलशास्त्र एकाच वस्तूत नांदू शकतं हे पहिल्याच प्रयत्नात दिसलं होतं. नंतरची कित्येक वर्षं ही दोन घरं पुन्हा वेगळी झाली, ती गोष्ट पुढे येईलच.

इमारतीपुरता विचार चार्ल्स ईस्टमन यांनी केला. १९७० च्या दशकाच्या मध्यावर कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यांनी बिल्डिंग डिस्क्रिप्शन सिस्टिम उभारली आणि १९७५ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं. प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन ही सगळी ड्रॉइंग एकाच वर्णनातून काढावीत, म्हणजे बदल एकदाच करावा लागेल, असा त्यांचा आग्रह होता. त्या वर्णनाचा पाया होता घटकांचा साठा: प्रत्येक घटकाला त्रिमितीय आकार, स्थान आणि गुणधर्म. त्याच सुमारास केंब्रिजमध्ये इयान ब्रेड घनाकृती तिच्या पृष्ठभागांतून आणि कडांतून मांडत होते, तर रॉचेस्टर विद्यापीठातला गट ठोकळ्यांची बेरीज-वजाबाकी करून आकार घडवत होता. आजच्या एडिटरमध्ये घनातून पोकळी वजा करून बोल्टचं छिद्र पाडताना आपण रॉचेस्टरच्याच वाटेने चाललेलो असतो.

या प्रयोगशाळांमधलं काही लगेच ऑफिसांत पोचलं नाही. तिथे १९८२ मध्ये ऑटोकॅड आलं आणि ब्लॉक आले. ब्लॉक म्हणजे रेघांचं गाठोडं. त्याला आपण बीम आहोत की खुर्ची, याचा पत्ता नसे. १९८६ मध्ये ऑटोलिस्प जोडलं गेलं आणि थोडंफार प्रोग्रॅमिंग जमणाऱ्या ड्राफ्ट्समनच्या हाती खरी ताकद आली. उंची, फ्लँजची (वरच्या-खालच्या आडव्या पट्टीची) रुंदी, जाडी विचारून आय सेक्शन काढून देणारी रुटीन ठिकठिकाणी लिहिली गेली. कस्टम घटकांची लोकपरंपरा सुरू झाली ती इथून, असं मला वाटतं. तिच्यात एक खोट होती: रुटीन चालून गेली की मागे नुसत्या रेघा उरत. उंची बदलायची तर पुसा आणि पुन्हा काढा.

ही खोट बुडापेस्टमध्ये दूर झाली. ग्राफिसॉफ्ट ही कंपनी गाबोर बोयार यांनी १९८२ मध्ये सुरू केली आणि १९८४ मध्ये ॲपल लिसावर रडार सीएच हे पहिलं रूप आणलं. पुढे त्याचंच आर्किकॅड झालं. त्यातल्या जीडीएल या भाषेत घटक म्हणजेच प्रोग्रॅम असतो. बेसिकसारख्या साध्या आज्ञा: ब्लॉक, प्रिझम, सरकव, फिरव. ऑब्जेक्टला पॅरामीटर असतात, त्रिमितीचा एक स्क्रिप्ट आणि प्लॅनवर काय दिसावं याचा दुसरा. ऑब्जेक्ट मॉडेलमध्ये बसल्यावरही स्क्रिप्ट त्याच्याबरोबर राहतो, म्हणून आकडा बदलला की आकार नव्याने तयार होतो. एका पानाच्या स्क्रिप्टमधून जिन्याचे शेकडो प्रकार निघू शकतात. पण लूप आणि अटींची भीती वाटणाऱ्या आर्किटेक्टसाठी हे दार बंदच राहिलं. अधिकार वापरकर्त्याला मिळाला, पण प्रोग्रॅमर व्हायच्या अटीवर.

ती अट काढायची कल्पना यंत्रांच्या जगातून आली. पीटीसी या कंपनीने १९८० च्या दशकाच्या शेवटी प्रो-इंजिनिअर आणलं. भागाचं चित्र काढा, मापं द्या, मापं बदला, भाग बदलेल. तिथे काम केलेल्या लिओनिड रेझ आणि अर्विन युंगराइस यांनी १९९७ मध्ये चार्ल्स रिव्हर सॉफ्टवेअर सुरू केलं. एप्रिल २००० मध्ये रेव्हिटची पहिली आवृत्ती आली आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने सुमारे १३.३ कोटी डॉलरला ती कंपनी घेतली. एक ओळही कोड न लिहिता घटक घडवता यावा, ही रेव्हिटची प्रतिज्ञा होती. स्ट्रक्चरसाठीची वेगळी आवृत्ती २००५ मध्ये आली.

फॅमिली एडिटरचा खरा गाभा म्हणजे रेफरन्स प्लेन. आधी अदृश्य प्रतलं मांडायची, त्यांच्यामध्ये मापं टाकायची, मापांना पॅरामीटरची नावं द्यायची, आणि शेवटी घनाच्या कडा त्या प्रतलांना कुलूप लावून बांधायच्या. आधी सांगाडा, मग मांस. घन थेट घनाला बांधण्याचा मोह होतो, आणि तसं केलं की दहा ठिकाणी वापरलेली फॅमिली अकराव्या मापाला मोडते. म्हणूनच जाणकार घन काढण्याआधीच पॅरामीटर वरखाली करून सांगाडा हलवून पाहतात.

बीमच्या टेम्प्लेटमध्ये या सांगाड्याचा एक बारकावा आहे, तो कळला की स्ट्रक्चरल घटक फर्निचरपेक्षा वेगळा का, हे कळतं. प्रत्येक टोकाला दोन प्रतलं असतात. बाहेरचं बीमच्या रेषेचं टोक दाखवतं, म्हणजे साधारण कॉलमचा मध्य. आतलं प्रत्यक्ष लोखंड कुठे थांबतं ते दाखवतं, म्हणजे कॉलमच्या फ्लँजपासून थोडं अलीकडे. गणिताचा बीम आणि कापून आणलेला बीम यांची लांबी एक नसते, आणि टेम्प्लेट करणाऱ्यांनी दोन्ही सत्यांना जागा ठेवली आहे. नवशिका घनाचं टोक बाहेरच्या प्रतलाला बांधतो. मग बीम थेट कॉलमच्या पोटात घुसतो आणि दोष जॉइनच्या (भाग जोडण्याच्या) कमांडला दिला जातो.

टेक्लाचा प्रवास उलट दिशेने झाला. ही फिनलंडची कंपनी १९६६ पासूनची, इंजिनिअरिंग गणनांसाठी काढलेली. १९९० च्या दशकात तिने एक्सस्टील आणलं, २००४ मध्ये त्याचं नाव टेक्ला स्ट्रक्चर्स झालं आणि २०११ मध्ये ट्रिम्बलने कंपनी घेतली. इथला गिऱ्हाईक आर्किटेक्ट नसून डिटेलर होता, ज्याच्या ड्रॉइंगवरून कारखान्यात प्लेट कापली जाते. त्याच्या दृष्टीने बीम ही क्षुल्लक बाब. डोकेदुखी असते ती जोडाची. त्यामुळे टेक्लाने आधी शेकडो तयार जोड स्वतःच लिहून दिले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. एंड प्लेट १४४, क्लिप अँगल १४१, शिअर प्लेट १४६. मुरलेले डिटेलर आजही नावाऐवजी नंबरच सांगतात आणि या सगळ्यांना सरसकट 'मॅक्रो' म्हणतात.

पण यादी कितीही लांबली तरी फॅब्रिकेटरच्या, म्हणजे लोखंडी भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या, सवयी तिच्यात मावत नाहीत. कोणाला वेल्ड स्वस्त पडतो, कोणाला बोल्ट. कोणाच्या मशीनला ठरावीक कडेचं अंतर लागतं. टेक्लाचं उत्तर मोठं व्यवहारी होतं: जोड एकदा मॉडेलमध्ये हाताने उभा करा, प्लेट, बोल्ट, वेल्ड, कट सगळं नीट बसवा, आणि मग सॉफ्टवेअरला सांगा की हा मुख्य भाग, हा दुय्यम भाग, बाकीचे सगळे मिळून एक कंपोनंट. तयार जोड फोडून, त्यात आपल्याला हवे ते बदल करून, पुन्हा बांधला तरी चालतो. त्याचे चार प्रकार ठरवले आहेत: पार्ट, डिटेल, कनेक्शन आणि सीम (भाग एका रेषेवरून जोडणारा). डिटेलला एकच मुख्य भाग पुरतो, उदाहरणार्थ कॉलमची बेस प्लेट. कनेक्शनला दोन किंवा जास्त भाग लागतात. नंतर एडिटरमध्ये प्लेटचे कोपरे शेजारच्या भागाच्या पृष्ठभागाला बांधायचे, अंतरांची चलं करायची, चलांत सूत्रं लिहायची. रेव्हिटचा घटक रिकाम्या पानावर, इमारतीपासून दूर जन्मतो. टेक्लाचा घटक प्रत्यक्ष जागेवर जन्मतो आणि मग उचलून दुसरीकडे नेला जातो. स्ट्रक्चरच्या कामाला मला टेक्लाची पद्धत अधिक प्रामाणिक वाटते, कारण जोडाला शेजाऱ्याशिवाय अर्थच नसतो. तिचा तोटाही तिथेच: ज्या शेजाऱ्याबरोबर तो घडला त्याच्या सवयी त्याला चिकटतात, आणि आय सेक्शनवर केलेला जोड पाइपवर लावला की प्लेट भलतीकडे जाते.

आता ती मागे राहिलेली गोष्ट. आकार घडवण्याचा अधिकार वापरकर्त्याकडे आला, पण ताकदीचे आकडे यादीतच राहिले. तक्त्यातला सेक्शन निवडला की त्याचे गुणधर्म आयते येतात. स्वतः काढलेल्या सेक्शनचं क्षेत्रफळ आणि मोमेंट ऑफ इनर्शिया भूमितीतून निघतं, तिथे फारशी अडचण नाही. पीळ सहन करण्याचा आकडा मात्र असा सहज हाती लागत नाही. पातळ गोल पाइप घ्या, ज्याची त्रिज्या जाडीच्या २० पट आहे. त्याला लांबीभर एक चीर द्या. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखे दिसतील, क्षेत्रफळही तेवढंच राहील, पण चिरलेल्या पाइपचा टॉर्शन कॉन्स्टंट अखंड पाइपच्या सुमारे १,२०० व्या भागावर येतो. दोन चॅनेल समोरासमोर ठेवून केलेला डबा सलग वेल्ड केला आहे की जागोजागी टाके मारले आहेत, यावरही अशीच मोठी तफावत पडते, आणि ती तफावत आकारात कुठेच नसते. घटक करणाऱ्याने हे गुणधर्म स्वतः भरायचे असतात. रकाने रिकामे ठेवून पुढे गेलेली फॅमिली दिसायला निर्दोष असते, म्हणून ती जास्त धोक्याची.

एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना हाच पेच वेगळ्या रूपात येतो. समाईक भाषा हवी म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यावर उद्योगातल्या कंपन्या एकत्र आल्या आणि आयएफसी हे खुलं स्वरूप तयार झालं. २०१३ मध्ये त्याची चौथी आवृत्ती आयएसओ १६७३९ म्हणून प्रमाणित झाली. त्यात बीम, कॉलम, प्लेट यांना वेगळे वर्ग आहेत, आणि कशातच न बसणाऱ्यासाठी प्रॉक्सी नावाचा एक वर्ग आहे. कस्टम घटकाची कॅटेगरी चुकली की तो या प्रॉक्सीत जाऊन पडतो. पलीकडच्या माणसाला आकार दिसतो, पण हा बीम आहे हे कळत नाही, आणि वजनाच्या यादीतून तो गळतो.

मधल्या काळात कोड परत आला, वेगळ्या वेशात. २००७ मध्ये राइनो या मॉडेलिंग सॉफ्टवेअरसाठी ग्रासहॉपरचं पहिलं रूप आलं आणि थोड्याच वर्षांत रेव्हिटसाठी डायनॅमो. डबे तारांनी जोडायचे, म्हणजे प्रोग्रॅम तयार. वक्र छताच्या ट्रसमधला प्रत्येक सदस्य वेगळ्या लांबीचा आणि प्रत्येक गसेट वेगळ्या कोनाची असेल, तर एकेक फॅमिली हाताने घडवण्यात अर्थ नसतो. तिथे घडवणारा नियमच घडवावा लागतो. जीडीएल वापरणाऱ्यांना यात काही नवं वाटलं नसेल.

रेव्हिटने अलीकडे केलेला बदल आकार आणि बलशास्त्र यांच्या या जुन्या फाटाफुटीवरच बेतलेला आहे. आधी भौतिक बीम टाकला की त्याची विश्लेषणाची, म्हणजे गणितासाठी धरायची, रेषा आपोआप त्याला चिकटून येई. २०२३ च्या आवृत्तीपासून विश्लेषणाचं मॉडेल स्वतंत्र झालं. इंजिनिअर ते आधी काढू शकतो, नंतर काढू शकतो, आणि भौतिक घटकाशी जोडायचं की नाही हे स्वतः ठरवू शकतो. काहींना ही माघार वाटली. माझ्या मते विचित्र आकाराच्या घटकांसाठी तो दिलासा आहे: निमुळत्या गर्डरची विश्लेषणाची रेषा वरच्या कडेने न्यायची की मधून, हे आता टेम्प्लेट ठरवत नाही.