इंदूरला शून्य गुण

स्वच्छतेत पहिला नंबर काढणाऱ्या शहराला शून्य कोण देतं, म्हणून इंदूरकरांनी भडकू नये. हा शून्य शोधयंत्रं शब्दांना गुण देतात त्या गणितातला आहे आणि ते गणित केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडलं. ‘गूगलला मनातलं कळतं’ असं म्हणणारे राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत भेटतात. मनातलं कसलं, बराचसा कारभार मोजणीवर चालतो.

समजा, शहराच्या इतिहासावरचे १०२४ मराठी लेख संगणकात भरलेत आणि तुम्ही शोधलंत, ‘इंदूर होळकर छत्री’ (छत्री म्हणजे पावसातली नव्हे, स्मारकाची). ‘इंदूर’ एकूणएक लेखांत आहे, म्हणजे त्याच्यामुळे एकही लेख गळत नाही. ‘होळकर’ ५१२ लेखांत आहे, ढीग निम्म्यावर आला. ‘छत्री’ मात्र १६ लेखांतच. आता एकूण लेखांना, तो शब्द असलेल्या लेखांच्या संख्येने भागा आणि उत्तराचा दोनच्या पायाने लॉगॅरिदम घ्या, म्हणजे किती दोन एकमेकांशी गुणले की ते उत्तर येतं ते मोजा. छत्रीला मिळाले ६, होळकरांना १ आणि इंदूरला शून्य! होळकर आणि छत्री दोन्ही असलेला लेख ७ गुणांनी वर येतो. पानभर नुसतं ‘इंदूर, इंदूर’ करणारा तळाशी.

लॉगॅरिदमच का? नुसता भागाकार घेतला, तर एकाच लेखात छपाईची चूक म्हणून आलेल्या शब्दाला १०२४ गुण मिळून तो सगळ्यांना झाकोळेल. लॉगमुळे त्याला १० वर थांबावं लागतं. शिवाय शब्द एकमेकांवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर ते एकत्र येण्याची शक्यता गुणाकाराने काढतात आणि लॉगमध्ये गुणाकाराची बेरीज होते. खरं तर ‘होळकर’ आणि ‘छत्री’ हे गृहीतक सरळ मोडतात. तरी व्यवहारात पद्धत चालते, हे मला आजही नवलाचं वाटतं.

आणि हे गुण, म्हणजे शब्दाचं वजन, त्याला जन्मतः चिकटलेलं नाही. देशभरच्या बातम्यांच्या ढिगात हाच ‘इंदूर’ भरघोस गुण घेईल. उलट, ‘कष्टाचं चीज होईल, तब्येत सांभाळा’ हे बाराही राशींना लागू पडतं, म्हणून त्याचं वजन शून्य. आता तेच ‘एआय कुंडली’ म्हणून विकतात. असो.

स्पार्क जोन्स बाईंचा जन्म १९३५चा, हडर्सफील्डचा. शिक्षण इतिहास आणि तत्त्वज्ञानाचं. काही काळ शाळेत शिकवलं, मग मार्गारेट मास्टरमन यांच्या भाषा-संशोधन गटात आल्या. १९६४चा प्रबंध समानार्थी शब्दांवर. पुढची कित्येक वर्षं मुदतीच्या अनुदानांवर काढली. प्राध्यापकपद मिळालं १९९९मध्ये, निवृत्तीच्या तीन वर्षं आधी. संगणकशास्त्र पुरुषांच्या भरवशावर सोडण्याइतकं किरकोळ नाही, असं त्या ठणकावून सांगत. २००७मध्ये त्या गेल्या. संशोधक स्टीफन रॉबर्टसन यांच्याबरोबर त्यांनी १९७६मध्ये हे वजन संभाव्यतेच्या पायावर नेलं. त्यातूनच पुढे आलेलं ‘बीएम २५’ हे सूत्र आजही अनेक शोधयंत्रांत चालतं.