तिकीटविक्री म्हणजे बँडची कमाई नव्हे
रॉक बँड छोट्या क्लबांतून मोठ्या दौऱ्यांपर्यंत पोहोचला की तिकिटांचा सगळा पैसा त्याचाच होतो, असा समज फार जुना आहे. प्रत्यक्षात जाहीर होणारा आकडा बहुधा एकूण तिकीटविक्रीचा असतो. त्यातून आधी कर, सभागृहाचे भाडे, जाहिरातखर्च आणि आयोजकाचा वाटा वजा होतो, आणि बँडच्या वाट्याला आलेल्या रकमेतून एजंटचे साधारण १० टक्के, व्यवस्थापकाचे बहुधा १५ ते २० टक्के, शिवाय तंत्रज्ञ, ट्रक व हॉटेल यांचा खर्च भागवावा लागतो. क्लबच्या दिवसांत, वाद्ये स्वतःच व्हॅनमध्ये भरून नेताना, यातला बराचसा खर्च नसतोच. कमाईची बातमी वाचताना तो आकडा विक्रीचा आहे की खर्च वजा जाता उरलेल्या नफ्याचा, एवढे पाहिले तरी पडताळणी होते.