घरातल्या भाजीरोपांची कीड : रोपांचा ट्रे घरी नेताना हे वाचा

टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपं खिडकीत वाढवली की कीड लागत नाही, असा समज आहे. खरं तर घरात पाऊस-वारा नसतो, मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) खाणारे ढालकिडेही (लेडीबर्ड) नसतात. एकदा शिरलेली कीड बिनघोर वाढते. आणि बहुतेक वेळा ती आपणच आणतो: जुन्या कुंडीची माती, कच्चं शेणखत, नाहीतर देवाच्या फुलांसाठी आणलेली जास्वंद. मावा आणि पांढरी माशी तिच्यावर हमखास असतात. ती ट्रेपासून लांब ठेवा.

ट्रेमध्ये बागेतली माती घालू नका. तीन भाग भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पूर्ण कुजलेलं, चाळलेलं गांडूळखत पुरे.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती काळ्या चिलटांची, विशेषतः साताऱ्याकडच्या पावसाळ्यात. उडणारं चिलट त्रास देत नाही. ओल्या कोकोपीटमधली त्याची अळी कोवळी मुळं खाते आणि रोप पाणी असूनही मान टाकतं. शंका असेल तर बटाट्याची चकती कापलेली बाजू खाली करून ठेवा. दोन-तीन दिवसांनी उचला. काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या चिकटलेल्या दिसतील. उपाय औषधाचा नाही, पाण्याचा आहे. वरून रोज शिंपडणं बंद. खालच्या ताटात पाणी ओता, २०–३० मिनिटांनी उरलेलं काढून टाका आणि वरचा थर कोरडा झाल्याशिवाय पुन्हा देऊ नका. रोपं बुडाशी कुजून कोलमडतात, तेही याने बरंच थांबतं.

उन्हाळ्यात मिरचीकडे बघा. पानांच्या कडा वर वळून होडीसारखा आकार आला तर फुलकिडे (थ्रिप्स). खाली वळल्या तर कोळी (माइट, रस शोषणारी अगदी बारीक कीड). तासगाव-मिरज भागात द्राक्षबागेजवळ घर असेल तर जास्त सावध राहा, कारण द्राक्षाच्या कोवळ्या फुटीवरचे फुलकिडे मिरचीवरही जगतात.

ट्रेवर घालायची जाळी ४० मेशची (इंचाला ४० छिद्रं) घ्या. साध्या मच्छरदाणीतून पांढरी माशी आरामात जाते. फुलकिडे मात्र ४० मेशमधूनही शिरतात, त्यांच्यासाठी त्याहून बरीच बारीक जाळी लागते. पण मग हवा कमी खेळते, ट्रे दुपारच्या उन्हात ठेवू नका. जाळीची खालची कड विटेखाली दाबा, नुसती लोंबती ठेवली तर घेऊन उपयोग नाही. आत एक पिवळा चिकट सापळा लावा, फुलकिड्यांसाठी निळा. सापळा कीड संपवत नाही, आली की कळवतो.

फवारायची वेळ आलीच तर लिटरभर पाण्याला ३ मिली निमतेल. आधी थोड्या कोमट पाण्यात १ मिली द्रवरूप साबण, त्यात तेल घालून पांढरं होईपर्यंत हलवा, मग उरलेलं पाणी. साबण नसेल तर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात. आधी दोन रोपांवर मारून एक दिवस थांबा. फवारा संध्याकाळी, पानाच्या खालून. अंडी मरत नाहीत, म्हणून ५–७ दिवसांनी पुन्हा. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा.

टोमॅटोचं पान बारीक होऊन वर वळलं, कडा पिवळ्या पडल्या, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला पर्णगुच्छ विषाणू असू शकतो. त्यावर औषध नाही. असं रोप उपटून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको.