मॅट्रिक्स ब्रिज

व्हॉट्सॲप, टेलिग्राम किंवा इन्स्टाग्रामवरील खाते स्वतःच्या ताब्यातील चॅट सर्व्हरला जोडून देणाऱ्या सॉफ्टवेअरला ब्रिज म्हणतात. अशी बहुतेक जोडणी २०१४ साली पुढे आलेल्या मॅट्रिक्स या खुल्या प्रोटोकॉलवर (संगणकांनी एकमेकांशी बोलण्याच्या नियमांवर) चालते आणि त्यासाठी सिनॅप्स हे सर्व्हर सॉफ्टवेअर प्रामुख्याने वापरले जाते. त्यापूर्वी फेसबुकने २०१० मध्ये एक्सएमपीपी या खुल्या प्रोटोकॉलने आपले चॅट बाहेरच्या सॉफ्टवेअरला खुले केले होते. ते दार २०१५ मध्ये बंद झाले.

ब्रिजची नोंद सर्व्हरवर एका फाइलद्वारे होते. तीत दोन गुप्त टोकन (ओळख पटवणारे संकेत) असतात, ज्यांवरून सर्व्हर आणि ब्रिज एकमेकांना ओळखतात. त्यानंतर, उदाहरणार्थ, ठाण्यात नौपाड्यातल्या घरी जुन्या लॅपटॉपवर सर्व्हर चालवणारी व्यक्ती ब्रिजच्या बॉटला (आपोआप उत्तर देणाऱ्या खात्याला) ‘लॉगिन’ असा संदेश पाठवते, बॉट क्यूआर कोड दाखवतो, आणि तो फोनमधील व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून स्कॅन केला की सोसायटीचा ग्रुप मॅट्रिक्समध्ये एक रूम म्हणून उघडतो. त्यातल्या प्रत्येक सभासदासाठी ब्रिज एक प्रतिनिधी खाते तयार करतो, त्यामुळे पाणी कधी येणार हे विचारणारा शेजारी तिथेही स्वतःच्याच नावाने दिसतो. मूळ फोन मात्र अधूनमधून चालू ठेवावा लागतो, कारण तो १४ दिवस वापरला नाही तर जोडणी तुटते.

घरगुती इंटरनेटवर अनेकदा स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता (बाहेरून थेट सर्व्हरपर्यंत पोहोचण्याचा पत्ता) मिळत नाही, म्हणून भाड्याचा सर्व्हर घेणे सोयीचे ठरते. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठी डेटा सेंटर आहेत. पण सर्व्हर महाप्यात असला तरी व्हॉट्सॲपचा संदेश त्या कंपनीच्या यंत्रणेतूनच जातो, हे विसरता कामा नये.

सर्वांत नाजूक बाब एन्क्रिप्शनची, म्हणजे संदेश इतरांना वाचता येऊ नये म्हणून कुलूपबंद करण्याची आहे. व्हॉट्सॲपचा संदेश ब्रिजवर उलगडला जातो आणि मगच मॅट्रिक्सकडे जातो, म्हणजेच ब्रिज चालवणाऱ्याला तो वाचता येऊ शकतो. स्वतःपुरता ब्रिज चालवणे त्यामुळे या बाबतीत निर्धोक मानता येईल, मात्र घरातल्या इतरांची किंवा मित्रांची खाती जोडण्यापूर्वी त्यांना ही गोष्ट स्पष्ट सांगितलीच पाहिजे. शिवाय अनधिकृत सॉफ्टवेअरचा वापर व्हॉट्सॲपच्या अटींत बसत नाही आणि त्यामुळे खाते बंद होण्याचा धोका राहतो.